खोक्यातला अ‍ॅम्प

इलेक्ट्रिक गिटार हे अर्धंच वाद्य आहे. उरलेलं अर्धं अ‍ॅम्पमध्ये असतं, आणि गिटार विकताना दुकानदार हे सहसा सांगत नाही. तारांखाली चुंबक, चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आणि त्यातून निघणारा एक क्षीण विद्युतसंकेत. तो नुसता मोठा करून घरच्या स्टिरिओवर ऐकला तर कोरडा, टोकदार आणि काहीसा केविलवाणा वाटतो. वाल्व, ट्रान्सफॉर्मर आणि कागदी कोनाचा बारा इंची स्पीकर यांच्यातून जाताना तो संकेत चेपला जातो, त्याच्या कडा झिजतात, मुळात नसलेले स्वरांश त्यात मिसळतात. तेव्हा कुठं आपण ज्याला ‘टोन’ म्हणतो तो तयार होतो.

अडचण अशी, की हे सगळं नीट घडायला अ‍ॅम्प जोरात वाजावा लागतो. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब 85 वॉटचा आणि जवळपास 29 किलोचा. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये तो त्याच्या तब्येतीनं वाजवला तर सोसायटीची तातडीची सभा भरेल, आणि विरारच्या कार्यक्रमाला न्यायचा तर लोकलच्या लगेज डब्यात मासळीच्या टोपल्यांशेजारी उभं राहावं लागेल. म्हणून माझ्यासारखे पुष्कळ वादक अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या मॉडेलरकडे वळले. हौसेनं म्हणा, नाइलाजानं म्हणा. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, अधूनमधून एखाद्या रेकॉर्डिंगला जातो, आणि उरलेला वेळ घरी हेडफोन लावून बसतो. तिन्ही ठिकाणी माझा अ‍ॅम्प म्हणजे पायाशी ठेवायचं एक खोकं, नाहीतर लॅपटॉपमधलं एक सॉफ्टवेअर.

या खोक्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1998 मध्ये लाइन सिक्स कंपनीचं राजम्याच्या दाण्याच्या आकाराचं लालभडक ‘पॉड’ आलं आणि अ‍ॅम्पची नक्कल सामान्य वादकाच्या हाती पडली. 2006 मध्ये फ्रॅक्टलचं ‘अ‍ॅक्स-एफएक्स’ आलं. 2011 मध्ये जर्मनीच्या केम्परनं समोरच्या खऱ्या अ‍ॅम्पचाच ठसा उतरवून घेणारं यंत्र दाखवलं. आता ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर चक्क फुकट मिळतं. काही मिनिटांचा एक चाचणीचा संकेत खऱ्या अ‍ॅम्पमधून वाजवायचा, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ही जोडी संगणकासमोर ठेवायची, आणि त्या दोहोंतला संबंध तो स्वतः शिकतो. बटणं ज्या जागी होती त्याच जागचा अ‍ॅम्प यातून मिळतो, हे खरं. पण त्या जागेपुरती नक्कल इतकी चांगली होते, की रेकॉर्ड केलेले दोन तुकडे शेजारी ठेवले तर मला फरक सांगता येत नाही. सांगता येतो म्हणणाऱ्यांवरही माझा फारसा विश्वास नाही.

आणि तरीही तक्रार जुनीच आहे: खरा वाटत नाही.

आमच्या इमारतीतला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, परवा आपलं खोकं घेऊन वर आला. “काका, अ‍ॅम्प सेम आहे, सेटिंग सेम आहे, तरी फेक वाटतं. वर नुसती चरचर, आणि मध्ये काही नाहीच.”

“कशाच्या मानानं फेक?” मी विचारलं.

“म्हणजे... अल्बमवर कसा येतो तसा नाही. आणि जॅम रूममध्ये अ‍ॅम्प कसा छातीवर येतो, तसाही नाही.”

त्यानं एका दमात दोन वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या होत्या. बहुतेक सगळेच तसं मागतात, आणि माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ तिथं आहे. अल्बमवरचा आवाज आणि खोलीतला आवाज हे एकाच अ‍ॅम्पचे असले तरी एक नसतात. मिरजेचा तानपुरा मांडीवर घेऊन छेडणाऱ्याच्या कानाला जवारीचा जो झंकार लागतो, तो सभागृहात दहाव्या रांगेत बसून माइकमधून ऐकणाऱ्याला मिळत नाही. दोघंही खराच तानपुरा ऐकत असतात. मॉडेलर बहुतेक वेळा दहाव्या रांगेतला आवाज देतो: माइक लावलेल्या अ‍ॅम्पचा, कंट्रोल रूममध्ये ऐकू येणारा. ज्यानं मांडीवरचा मागितला, तो निराश होणारच.

त्यात आणखी एक गंमत आहे. आपल्या मनातला ‘खरा’ आवाज आला कुठून? माझ्या पिढीनं इलेक्ट्रिक गिटार आधी ऐकली ती ‘दम मारो दम’मधली भूपिंदर सिंगांची, आणि तीही रेडिओवर, पुढं घासून पातळ झालेल्या कॅसेटवर. परदेशी रॉकसुद्धा कॉपीची कॉपी केलेल्या कॅसेटींवरच आला. म्हणजे अ‍ॅम्पसमोर माइक, माइकमागं टेप, टेपवरून तबकडी, तबकडीवरून कॅसेट आणि शेवटी चार इंची स्पीकर. इतक्या चाळण्यांमधून गाळून आलेल्या आवाजाला आपण अस्सल मानलं आणि त्याच्यावरून आज खोक्याची परीक्षा घेतो. बरं, ज्यांच्या टोनसाठी लोक आयुष्यभर धडपडतात त्यांच्यातले काही तर अ‍ॅम्पशिवायचे आहेत. 1968 च्या बीटल्सच्या ‘रेव्होल्यूशन’मधली ती फाटलेली गिटार थेट मिक्सिंग डेस्कमध्ये घातलेली होती, डेस्कलाच तिचा भार सोसला नाही, तोच तो आवाज. 1971 च्या ‘ब्लॅक डॉग’मध्ये जिमी पेजची गिटारही अशीच थेट डेस्कमध्ये आणि कॉम्प्रेसरमध्ये गेली. हे कळल्यावर खऱ्या-खोट्याची भाषा थोडी सैल होते.

तर मग खोक्याशी वाद घालण्याआधी त्या साखळीचं शेवटचं टोक पाहावं. नवशिका अ‍ॅम्पची यादी उघडतो आणि तिथंच अडकतो: हा मार्शल का तो मार्शल, 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेलमधल्या दुकानात जिम मार्शलच्या माणसांनी फेंडर बासमनवरून बेतलेला पहिला, की नंतरचा. हा तपशील मलाही आवडतो. पण आवाजात सर्वांत मोठा फरक पडतो तो अ‍ॅम्पनंतर, स्पीकर आणि माइक इथं. गिटारचा स्पीकर हा स्टिरिओच्या स्पीकरसारखा प्रामाणिक नसतो. साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्यानं मान टाकतो. त्याला ट्विटर नसतो, आणि नसतो तेच बरं, कारण वाल्व फाटताना जे तीक्ष्ण स्वरांश निर्माण होतात ते हा कागदी कोन बाहेर येऊच देत नाही. स्पीकरची नक्कल बंद करून मॉडेलर ऐकून पाहा. तो मुलगा म्हणत होता ती चरचर शंभर पटींनी ऐकू येईल. जगातला सर्वांत महागडा वाल्व अ‍ॅम्पही स्पीकरशिवाय असाच वाजतो.

स्पीकर आणि माइक मिळून होणाऱ्या या गाळणीची नोंद एका छोट्या फाइलमध्ये करतात. तिला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. वादकांच्या तोंडी नुसतं ‘आयआर’. 48 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 48 हजार नमुने) 2048 नमुने, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहून जरासा जास्त काळ. एवढ्याशा फाइलमध्ये एक विशिष्ट स्पीकर, स्पीकरची एक विशिष्ट पेटी (कॅब), एक विशिष्ट माइक आणि त्या माइकची नेमकी जागा बंद असते. ‘जागा’ या शब्दावर जोर द्यायला हवा. शूअरचा एसएम 57 हा माइक 1965 पासून अ‍ॅम्पसमोर उभा आहे. तो कोनाच्या मध्यावर रोखला तर आवाज धारदार येतो, दोन-तीन सेंटिमीटर कडेकडे सरकवला की तोच आवाज गोल आणि जाड होतो. इतका फरक अ‍ॅम्पचं ट्रेबलचं बटण फिरवूनही पडत नाही. चरचरीवर माझा पहिला उपाय म्हणूनच बटण न फिरवता माइक सरकवणं हा असतो. बहुतेक मॉडेलरांमध्ये तो पडद्यावर बोटानं सरकवता येतो, पण त्या पानापर्यंत फार थोडे जण पोचतात.

त्या मुलाच्या खोक्यात हेच केलं. अ‍ॅम्पला हात लावला नाही. माइक मध्यावरून बाजूला घेतला, 80 हर्ट्झच्या खालचं आणि 7 किलोहर्ट्झच्या वरचं कापलं. तो म्हणाला, “काका, हे तर डल झालं.” एकटं ऐकताना झालंच होतं. फोनवरून ड्रम आणि बासचा ट्रॅक लावला, त्यावर वाजव म्हटलं, आणि मग तो काही बोलला नाही. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ सूर 82 हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या खाली जे घुमतं ते बासवाल्याचं राज्य. वर जे चमकतं ते झांजांचं. गिटारला जागा मिळते ती मधल्या पट्ट्यात, आणि घरी बसून प्रिसेट, म्हणजे साठवून ठेवायची सेटिंग, बनवणारा नेमका तोच पट्टा खोदून काढतो.

का काढतो, याचं कारण कानात आहे. 1933 मध्ये बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं, की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. आवाज चढवला की ते भरून येतात. रात्री अकराला, बायकामुलं झोपलेली असताना, हेडफोनवर मंद आवाजात बनवलेल्या प्रिसेटमध्ये आपण नकळत बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो. कानाला ते सुखाचं वाटतं. तोच प्रिसेट गणपतीच्या मांडवात दोन मोठ्या सबवूफरांवर गेला की खाली नुसता गुरगुराट होतो आणि वर कान टोचतात. मग साउंडवाला वैतागून गिटारचा फेडर खाली ओढतो, आणि त्याचं काही चुकत नाही. माझा त्यावरचा तोडगा महागडा नाही: महिन्यातून एकदा तासाभरासाठी जॅम रूम घ्यायची, खोकं तिथल्या पीए साउंड सिस्टिममध्ये लावायचं, ड्रमर असेल तर उत्तम, आणि ज्या आवाजात कार्यक्रमात वाजवायचं त्या आवाजात प्रिसेट दुरुस्त करायचे. घरी आल्यावर ते पातळ आणि नाकातले वाटतात. वाटू द्यावेत.

गेनबद्दल, म्हणजे संकेत किती चढवून फाडायचा त्याबद्दल, मी जरा कडवट आहे. मॉडेलर बनवणारे लोक पहिल्याच प्रिसेटवर इतकं डिस्टॉर्शन भरून देतात, की दुकानात दोन मिनिटं वाजवणारा माणूस भारावून जातो. एसी/डीसीच्या मॅल्कम यंगची गिटार एकटी काढून ऐकली तर ती जवळजवळ स्वच्छ आहे. तो राक्षसी आवाज येतो तो जाड तारांमधून, उजव्या हाताच्या फटक्यातून आणि दोन भाऊ एकाच वेळी दोन बाजूंना वाजवतात त्यातून. गेन वाढला की हळू छेडलेली आणि जोरात छेडलेली तार सारखीच वाजू लागते. म्हणजे हाताचा हुकूम चालेनासा होतो, आणि खोटेपणाची जी जाणीव होते ती बहुधा इथं जन्मते. माझी कसोटी साधी आहे. गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण निम्म्यावर आणलं की आवाज निवळला पाहिजे. चांगल्या मॉडेलमध्ये तो निवळतो. निवळत नसेल तर गेन कमी करावा, आणि गिटार खोक्यात शिरते तिथंच काही बिघडलंय का तेही पाहावं.

या शिरण्याच्या जागेकडं फारसं कुणी बघत नाही. पिकअपमधून येणारा संकेत इतका नाजूक असतो, की पुढच्या यंत्राचा इनपुट त्याला भार वाटला तर वरचे सूर तिथंच मरतात. वाल्व अ‍ॅम्पचा इनपुट साधारण 1 मेगाओहमचा असतो. ऑडिओ इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असं छोटं बटण असतं ते याचसाठी. ते दाबलेलं नसेल तर कितीही महागडं सॉफ्टवेअर उशीखाली ठेवल्यासारखं वाजेल. तिथली पातळी नको इतकी चढवली तर आतला नकली अ‍ॅम्प विनाकारण फाटत राहतो. उशिराचीही तक्रार ऐकू येते: तार छेडली आणि आवाज मागून आला. थोडं गणित केलं तर भीती कमी होते. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे स्टेजवर अ‍ॅम्पपासून तीन मीटर दूर उभा असलेला वादक मुळातच नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकत असतो आणि कधी कुरकुरत नाही. 48 किलोहर्ट्झवर 128 नमुन्यांचा बफर म्हणजे तीन मिलिसेकंदांच्याही आत. जाताना, येताना आणि यंत्राच्या आतला वेळ मिळूनही आकडा दहाच्या आसपास राहिला तर हात अडखळत नाही.

डिजिटल यंत्राचा स्वतःचा म्हणावा असा एक दोष मात्र खराच आहे. फाटलेल्या आवाजात स्वरांश वर वर चढत जातात. यंत्राच्या नमुना-वेगाच्या निम्म्यापलीकडे त्यांना जागा नसते, म्हणून ते दुमडून खाली येतात आणि बेसूर होऊन मिसळतात. स्वस्त मॉडेलवर वरच्या पट्टीत तार ओढून पाहा: सूर वर जातो आणि त्याच्या मागं कुठंतरी एक परका सूर खाली उतरत जातो. हा दोष कुठल्याही वाल्वमध्ये नाही. आतलं गणित अनेक पट वेगानं करून तो आता बराच आटोक्यात आणला आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘ओव्हरसॅम्पलिंग’चा पर्याय दिसला आणि लॅपटॉपला झेपत असेल तर तो चालू ठेवावा.

आता खोलीतल्या आवाजाविषयी, जो त्या मुलानं दुसऱ्या दमात मागितला होता. इथं मी मॉडेलरची वकिली करणार नाही. जोरात वाजणाऱ्या अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की स्पीकर हवा ढकलतो, ती हवा गिटारच्या लाकडाला आणि तारांना परत हलवते, तारांचं कंपन पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जातं. या चक्रामुळं सूर मावळायच्या ऐवजी फुलत जातो. वादक दोन पावलं पुढं-मागं सरकून त्याला वळवतो. हेडफोन लावल्यावर हे चक्र तुटतं, कारण हवेतून परत येणारं काही उरतच नाही. कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, ही गोष्ट सॉफ्टवेअरची नाही. जोराची आणि जागेची आहे. काही यंत्रं त्याची नक्कल करतात, ती ऐकायला ठीक असते, पण पायाखाली काही हलत नाही.

ज्याला हेच हवं आहे त्यानं स्टुडिओ मॉनिटरवर पैसे उडवू नयेत. मॉडेलरमागं एक पॉवर अ‍ॅम्प आणि खरा गिटार कॅब जोडावा, सेलेस्टियनचा एखादा बारा इंची स्पीकर असलेला, आणि खोक्यातली कॅबची नक्कल न विसरता बंद करावी. ती चालू राहिली तर एकाच आवाजाला दोन स्पीकरांमधून काढल्यासारखं होतं आणि लोक म्हणतात, मॉडेलर गढूळ वाजतो. हेडफोनवर वाजवणाऱ्यांनी निदान थोडी खोली उसनी आणावी: अगदी लहान, अर्ध्या सेकंदाहूनही कमी काळ टिकणारा रिव्हर्ब, जाणवेल न जाणवेल इतका. गिटार डोक्याच्या आत वाजते आहे ही भावना त्यानं बरीच जाते. मोठ्या हॉलचा रिव्हर्ब लावू नका, त्यानं फक्त हाताची घाण झाकली जाते.

ऑर्केस्ट्रात एक गोष्ट मला मॉडेलरनं दिली, जी अ‍ॅम्पनं कधीच दिली नसती. एकाच रात्री ‘चुरा लिया है’ची स्वच्छ गिटार, कोळीगीताच्या मागचा ठेका, आणि शेवटी पोरांच्या आग्रहाखातर एखादं रॉक गाणं, हे सगळं एका केबलवर साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जातं आणि रोज तसंच जातं. पूर्वी आयोजक जो अ‍ॅम्प ठेवील तो मुकाट्यानं घ्यावा लागे. कधी त्याचा स्पीकर फाटलेला, कधी अर्थिंग नसल्यामुळं माइकला ओठ लागले की झटका. त्या दिवसांबद्दल कुणी हळहळत असेल तर त्यानं ते दिवस फोटोत पाहिले असावेत.

तेव्हा नवं खोकं घ्यायचा विचार चालू असेल तर थोडं थांबा. आहे त्यातला एकच अ‍ॅम्प निवडा, एकच कॅब ठेवा, गेन हवासा वाटतो त्याच्या निम्म्यावर आणा, माइक सरकवून पाहा आणि महिनाभर दुसऱ्या माणसांबरोबर वाजवा. त्यानंतरही आवाज पटला नाही तर खुशाल विका. सेकंडहँड मॉडेलरला ठाण्यात काय, पुण्यात काय, गिऱ्हाईक मिळतंच.